शिमला ते मनाली, स्पितीमार्गे : माउंटन बाइकवरच्या खडतर फेरीची आखणी

शिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमध्ये शिरायचे, नाकोवरून स्पितीच्या खोऱ्यात उतरायचे, काझा मागे टाकून कुंझुमची खिंड चढायची आणि चंद्रा नदीच्या सोबतीने ग्राम्फूला येऊन रोहतांगवरून मनाली गाठायची, असा हा सुमारे सव्वासहाशे किलोमीटरचा रस्ता आहे. पुण्या-मुंबईकडच्या सायकलस्वारांचा ओढा बहुधा मनाली-लेहकडे असतो आणि स्पिती त्यामानाने मागे राहते. माझ्या मते मात्र माउंटन बाइक बाळगणाऱ्याने आधी इकडे यावे. लेहच्या वाटेचा पुष्कळसा भाग आता डांबरी झाला आहे. कुंझुमच्या अलीकडे-पलीकडे, विशेषतः बातल ते ग्राम्फू या पट्ट्यात, रुंदीकरणाची कामे चालू असली तरी बराच रस्ता अजून गोटे, वाळू आणि आडवे वाहणारे नाले यांचाच आहे.

या फेरीची आखणी बहुतेक जण अंतरांपासून सुरू करतात आणि तिथेच गणित चुकते. साठ किलोमीटर म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी पोहे खाण्यासाठी मारलेली चक्कर असते. काझा ते लोसर हे अंतर जवळपास तेवढेच आहे आणि त्याला अख्खा दिवस लागतो. लोसर ते बातल अंतर जेमतेम तीस किलोमीटर असूनही त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. म्हणून वहीत पहिला रकाना रात्रीच्या मुक्कामाच्या उंचीचा, दुसरा सायकलवर बसण्याच्या तासांचा आणि तिसरा किलोमीटरचा असावा. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी फारसे बिघडत नाही.

उंचीचा रकाना असा भरतो. शिमला २,२०० मीटरवर आहे, पहिला मुक्काम नारकंडा २,७०० मीटरवर. तिथून रस्ता थेट सतलजच्या पात्रापर्यंत कोसळतो आणि दुसरी रात्र रामपूरला, सुमारे १,००० मीटरवर, चांगल्या उकाड्यात काढावी लागते. तिसऱ्या दिवशी टापरी आणि चौथ्या दिवशी रेकाँग पिओ ओलांडून कल्पा, सुमारे २,९०० मीटर. कल्प्याला एक पूर्ण दिवस थांबावे. त्यानंतर पूह आणि मग नाको. पूह ते नाको या दिवसाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पूर्वार्धातला सर्वांत अवघड दिवस तोच आहे. खाबजवळ स्पिती नदी सतलजला मिळते, तिथला पूल ओलांडला की झाड म्हणून काही उरत नाही आणि का नावाच्या गावाकडे रस्ता वळणावर वळणे घेत उघड्या कड्यावर चढू लागतो. नाको सुमारे ३,६०० मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात हजार मीटरच्या आसपास चढाई, तीही सावलीविना. पूहहून पहाटे साडेपाचला निघाले तर वळणांचा मोठा भाग डोंगराच्या सावलीत पार पडतो. आठला निघालेल्याला तोच डोंगर तव्यासारखा भाजून काढतो.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे त्याच उंचीवर राहावे, हा उंचीवरच्या वैद्यकातला मान्य दंडक आहे. नाकोच्या चढाईत तो मोडतो, कारण मध्ये सोयीचा मुक्काम सापडणे कठीण आहे. त्याची भरपाई नाकोला दोन रात्री राहून करावी. सुदैवाने पुढचा मुक्काम ताबो ३,२८० मीटरवर, म्हणजे नाकोपेक्षा खाली आहे आणि शरीराला तिथे उसंत मिळते. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला तिथला मातीचा मठ पाहायला अर्धा दिवस हाताशी ठेवावा. ताबो ते काझा ४७ किलोमीटर आहे. काझा सुमारे ३,७०० मीटरवर असून तिथे तीन रात्री धराव्यात. मधल्या दोन दिवसांपैकी पहिला झोपेचा आणि कपडे धुण्याचा. दुसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून रिकाम्या सायकलने ‘की’ नावाच्या मठापर्यंत किंवा लांग्झा, हिक्कीम, कोमिक या गावांकडे चढून यावे. कोमिक साडेचार हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे जवळजवळ कुंझुमइतकेच. दिवसा तेवढे उंच जाऊन रात्री काझ्याला झोपले की खिंडीच्या दिवशी शरीराला ती हवा अनोळखी राहत नाही. त्यानंतर लोसर (सुमारे ४,०८० मीटर), कुंझुम ओलांडून बातल, मग छत्रू आणि शेवटी मनाली. सायकल चालवण्याचे आणि विश्रांतीचे मिळून सोळा दिवस होतात. त्यावर दोन दिवस दरडींसाठी आणि जाण्या-येण्याचे चार दिवस वेगळे. रजा बावीस दिवसांची मिळत नसेल तर विश्रांतीचे दिवस कापण्यापेक्षा सुरुवातीचा शिमला ते रेकाँग पिओ टप्पा बसने करावा. तसाही तो वाहतुकीचा, जलविद्युत प्रकल्पांच्या धुळीचा रस्ता आहे. त्यात फार काही हुकत नाही.

हीच फेरी मनालीहून उलट करावी काय, असे नेहमी विचारले जाते. करू नये. मनाली २,०५० मीटरवर आहे आणि तिथून निघालेला माणूस तिसऱ्या रात्री चार हजार मीटरच्या आसपास झोपलेला असतो. शिमल्याकडून जाताना त्याच उंचीला पोहोचायला दोन आठवडे मिळतात.

आखणीत एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही, ती म्हणजे आजारी पडल्यावर खाली कुठे जायचे. उंचीच्या त्रासावर खरा उपाय खाली उतरणे हाच आहे, पण स्पितीत ‘खाली’ फार लांब असते. नाकोला त्रास झाला तर गाडीने पूहकडे उतरता येते. काझ्याहून मात्र एका बाजूला कुंझुम आडवी येते आणि दुसऱ्या बाजूला ताबो जेमतेम चारशे मीटरने खाली आहे. त्यामुळे काझ्यात आधी सरकारी रुग्णालय गाठावे आणि प्राणवायू लावून घ्यावा, मग पुढचे ठरवावे. लोसरहून खाली म्हणजे काझाच. खिंड ओलांडल्यावर बातलहून गाडी मिळाली तर छत्रूमार्गे अटल बोगद्यातून मनाली हीच दिशा. प्रत्येक मुक्कामासमोर ही खाली उतरण्याची वाट आणि तिथून गाडी कोणाची मिळेल हे आधीच लिहून ठेवावे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे इतपत लक्षणे असतील तर आहे तिथेच एक दिवस थांबावे. सरळ रेषेत चालताना झोक जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल तर सकाळची वाट न पाहता रात्रीच गाडी करावी. उंचीचा त्रास टाळण्यासाठी असेटाझोलामाइडची गोळी अनेक जण घेतात, परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती बाधू शकते, त्यामुळे घरच्या डॉक्टरांना विचारूनच ती पिशवीत टाकावी. सोबत्यांनी एकमेकांना रोज सकाळी एकच प्रश्न विचारावा, की रात्री झोप कशी लागली; ‘बरं आहे’ या उत्तरावर मात्र विश्वास ठेवू नये.

ऋतूचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. कुंझुम साधारणपणे मे अखेर किंवा जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरनंतर बर्फाने बंद होते. स्पिती पर्जन्यछायेत असल्याने तिथे पाऊस तुरळक पडतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या दरडी तिथपर्यंत पोहोचूच देत नाहीत. नाकोजवळचा मलिंग नाला तर यासाठीच बदनाम आहे. जूनमध्ये बर्फ वितळत असल्याने नाले फुगलेले असतात. राहता राहिला सप्टेंबर. तेव्हा आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते, नाल्यांचे पाणी उतरलेले असते आणि खेड्यांत सातू-वाटाण्याची काढणी चाललेली असते. पहाटे लोसरला पाण्याच्या बाटलीवर बर्फाची साय धरते, तेवढी थंडी सोसावी लागते. आपल्यासाठी खरी अडचण एवढीच की गणपती बरेचदा याच महिन्यात येतात आणि घरातून निघताना त्याचे उत्तर ज्याने त्याने द्यायचे असते.

तयारीला किमान चार महिने द्यावेत. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे, म्हणजे विरळ हवेचा सराव इथे कुठेही होणार नाही, हे मान्य करून पायांचा आणि खोगिरावरच्या बैठकीचा सराव करावा. पुण्याजवळच्यांनी सिंहगडाचा घाट एका सकाळी दोनदा, पुढे तीनदा चढावा. मुंबईकरांनी माळशेज किंवा ताम्हिणी गाठावा. चढण्याचा वेग वाढवणे हा या सरावाचा हेतू नाही. न थांबता, बोलता येईल इतक्या श्वासात, सामानासह दोन तास चढत राहता आले पाहिजे. शेवटच्या महिन्यात लागोपाठ तीन दिवस, रोज सहा तास, पिशव्या भरून सायकल चालवून पाहावी. तिसऱ्या दिवशी सकाळी खोगिरावर बसवत नसेल तर खोगीर बदलायला अजून वेळ असतो.

आता सायकल. पुढे १०० मिलिमीटरपर्यंत दबणारा सस्पेन्शन फोर्क असलेली, मागे सस्पेन्शन नसलेली साधी हार्डटेल या रस्त्याला पुरते. मागचे सस्पेन्शन बिघडले तर काझ्यात ते दुरुस्त करणारा मिळणार नाही. टायर २.१ ते २.२५ इंच रुंदीचे, शक्य तर ट्यूबलेस आणि तरीही सोबत दोन ट्यूब. गिअरबाबत कंजुषी करू नये. पुढच्या चकतीला ३२ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला ५१ दात असतील तर २९ इंची चाकावर मिनिटाला साठ पॅडल मारून ताशी पाच किलोमीटरच्या थोडे वर वेग राहतो. सहा टक्के चढावर याच वेगाने तासाला सुमारे तीनशे मीटर उंची मिळते. कुंझुमच्या ४,५५१ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के असतो आणि त्या हवेत याहून जड गिअर फिरवणाऱ्याला दर दोनशे मीटरवर उतरून सायकल ढकलावी लागते. जुन्या तीन चकत्यांच्या सायकलीतली पुढची २२ दातांची लहान चकती आणि मागची ३६ दातांची जोडी हेच काम करते, त्यामुळे केवळ या फेरीसाठी नवी सायकल घेण्याची गरज नाही.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क असावेत आणि पॅडच्या दोन जोड्या बरोबर घ्याव्यात. ओल्या रेतीत सेंद्रिय (राळेचे) पॅड भराभर झिजतात, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड आवाज करतात पण टिकतात. विमानाने सायकल नेताना चाके काढली की ब्रेकच्या जबड्यात प्लॅस्टिकची पट्टी बसवायला विसरू नये. पहिल्या फेरीत मी विसरलो. खोक्यात कुठेतरी लिव्हर दाबला गेला, दोन्ही पॅड एकमेकांना चिकटले आणि शिमल्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरातला उलथना मागून, त्याची कड पॅडमध्ये घालून, पिस्टन थोडे थोडे मागे सारण्यात एक संध्याकाळ गेली. आचारी शेजारी उभा राहून उलथना वाकणार नाही ना, एवढेच पाहत होता. तेव्हापासून दुधाच्या पिशवीइतके साधे वाटणारे ते दोन पिवळे तुकडे मी हँडलला दोऱ्याने बांधून ठेवतो. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच चालते आणि स्टोव्हचा गॅस मुळीच नेता येत नाही, तो चंडीगडला किंवा शिमल्याला शोधावा.

दुरुस्तीच्या सामानात चेन तोडण्याचे हत्यार, चेन जोडायच्या दोन क्विक लिंक (सुट्या कड्या), सुटा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो ती पट्टी), टायर फाटल्यास आतून लावायला जाड तुकडा, गिअरची एक केबल, झिप टाय आणि हातपंप एवढे पुरे. चेनला ओले तेल लावू नये. त्यावर स्पितीची पिठासारखी धूळ बसून गिअर करकरू लागतात. मेणाचे कोरडे वंगण रोज रात्री, चेन फडक्याने पुसून मग लावावे. टायरमधल्या हवेची एक गंमत आहे: रामपूरला २८ पीएसआय भरलेली हवा खिंडीवर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे भर दुपारी चार-एक पीएसआय जास्त दाखवते. उतरणीच्या गोट्यांवर टायर उसळत असेल तर तेवढी सोडून द्यावी.

सामान बारा किलोंच्या आत ठेवावे. रात्री उणे पाचपर्यंतची स्लीपिंग बॅग, पिसांचे जाकीट, वारा अडवणारे जाकीट, दोन जोड हातमोजे, गडद गॉगल आणि ओठांचे मलम या गोष्टींवर तडजोड करू नये. तंबू नेला नाही तरी चालतो, कारण बातलपर्यंत आणि छत्रूलाही हंगामात धाबे व झोपण्याची सोय असते. पण दरड कोसळून मध्येच अडकल्यास तो प्राण वाचवतो, म्हणून दोघांत एक घ्यावा. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे स्वतः शिजवायचे असेल तर डाळ-तांदळाच्या भानगडीत न पडता पोहे, शेवया, ओट्स न्यावेत. उंचीवर गोड नकोसे होते हा अनुभव बहुतेकांना येतो. गुडदाणी थंडीत दगडासारखी होते आणि दाताशी झगडावे लागते. त्यापेक्षा भाजलेले दाणे आणि लसणाची कोरडी चटणी कुठल्याही पराठ्याबरोबर जाते. काझ्यात एटीएम आहे, पण ते चालू असेलच असे गृहीत न धरता पुढच्या सगळ्या दिवसांची रोकड रेकाँग पिओलाच घ्यावी. भारतीय नागरिकांना या रस्त्यावर परवाना लागत नाही. ज्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट आहे, मग ते आपले अमेरिकेतले भाचे-पुतणे का असेनात, त्यांना रेकाँग पिओच्या पुढच्या सीमावर्ती भागासाठी इनर लाइन परवाना काढावा लागतो आणि त्याला अर्धा दिवस मोडतो.

काझ्याला पोहोचल्यावर खिंडीची चौकशी टॅक्सीवाल्यांकडे करावी. आज सकाळी मनालीहून आलेला चालक जे सांगेल ते कुठल्याही ॲपपेक्षा खरे असते. त्याला नाल्यात पाणी चाकाच्या कुठवर होते, एवढेच विचारावे. लोसरहून निघायची वेळ पहाटे सहा. तिथून खिंड अठरा-एकोणीस किलोमीटर आणि चढ पाचशे मीटरच्याही आत, म्हणजे कागदावर सिंहगडापेक्षा सौम्य. तरी चार तास धरावेत. माथ्यावर कुंझुम मातेचे मंदिर आहे, गाड्या त्याला प्रदक्षिणा घालूनच पुढे जातात आणि सायकलनेही घालावी. थंड वारा असल्याने तिथे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये. बातलकडचा उतार बारा किलोमीटरच्या आसपास, सैल खडीचा आणि तीव्र वळणांचा आहे. खोगीर दोन-तीन इंच खाली घ्यावे, पुढचा ब्रेक वळणाच्या आधी मारून वळणात सोडून द्यावा आणि समोरून ट्रक आला की डोंगराच्या बाजूला थांबावे, दरीच्या बाजूला कधीही नाही. लोसर ते बातल खायला काही मिळत नाही. तीन लिटर पाणी आणि दुपारचे जेवण सोबत असावे.

बातल ते छत्रू हा बत्तीस किलोमीटरचा पट्टा या फेरीचा कळस आहे. उतार असूनही तिथे ताशी सहा-सात किलोमीटरहून अधिक वेग मिळत नाही, कारण वाटेतल्या छोटा दडा या ठिकाणाच्या आसपास नाला आणि रस्ता यांत फरकच राहत नाही. हे नाले हिमनद्यांतून येतात. उन्हाने बर्फ वितळून पाणी खाली पोहोचायला दुपार होते, म्हणून सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीन वाजता मांडीला लागतो. बातल सहाला सोडून मोठे नाले दहाच्या आत मागे टाकावेत. नाल्याशी आल्यावर लगेच पाय घालू नये. पाच मिनिटे थांबून एखादी गाडी कुठून जाते ते पाहावे; गाडी नसेल तर वरच्या-खालच्या अंगाला फिरून पाणी जिथे पसरट होऊन खळखळते ती जागा निवडावी, कारण शांत दिसणारे पाणी खोल असते. मोजे काढून कोरडे ठेवावेत, पण अनवाणी जाऊ नये. पट्ट्याचे सँडल घालावेत. पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरावी, म्हणजे पाण्याने ती ढकलली तर आपल्या अंगावर येत नाही. ब्रेक दाबून तिचा आधार घ्यावा, एक पाऊल रोवल्याशिवाय दुसरे उचलू नये. सामान जड असेल तर आधी पिशव्या आणि मग सायकल अशा दोन फेऱ्या कराव्यात. पाणी इतके गार असते की दुसऱ्या फेरीत बोटे जाणवत नाहीत. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर सायकल पुढच्या ट्रकवर चढवावी. तिथले चालक सहसा नाही म्हणत नाहीत.

दुपारनंतर या दरीत वारा सुटतो आणि तो सहसा खालून वर येतो, म्हणजे छत्रूकडे उतरणाऱ्याच्या तोंडावर. अकराला छत्रू गाठलेला माणूस धाब्यात राजमा-भात खात असतो, तेव्हा उशिरा निघालेला उतारावर पॅडल मारत असतो.

छत्रूहून ग्राम्फू सतरा किलोमीटर. तिथून रोहतांगचा चढ लागतो, पण आता डांबर असते आणि दोन आठवडे उंचीवर राहिलेल्या पायांना ३,९७८ मीटरचे काही वाटत नाही. माथ्यापासून मनाली ५१ किलोमीटर आणि सुमारे १,९०० मीटर खाली आहे, वाटेत पर्यटकांच्या गाड्यांची रांग. नाल्यांच्या रेतीने तोवर पॅड पातळ झालेले असतात, म्हणून रोहतांगवर चहा उकळेपर्यंत दोन्ही चाके काढून पॅड पाहावेत. पत्रा दिसू लागला असेल तर पिशवीतली नवी जोडी तिथेच, उजेडात बसवावी.